पूल कोणासाठी, जमीन कोणाची?



मालाची ने-आण जेथे स्वस्त आणि जलद होते, तेथे गोदामे, कारखाने व कचेऱ्या ओढल्या जातात. मात्र वाहतुकीत वाचणारा सगळा पैसा उद्योजकाकडे राहत नाही. मोक्याच्या जागेसाठी चढाओढ लागते आणि त्या बचतीचा मोठा भाग जमिनीच्या किमतीत उतरतो. म्हणून सार्वजनिक पैशातून बंदर वा पूल उभा राहतो, तेव्हा जमीन कोणाच्या हाती आहे हा प्रश्न निर्णायक ठरतो.

गव्हाण आणि पनवेल-उरणच्या गावांनी हा प्रश्न भोगला आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. मोबदला भातशेतीच्या व मिठागरांच्या हिशेबाने, आणि पुढची किंमत शहराची! जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला; पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. वाढीव किमतीवर मूळ मालकाचाही हक्क आहे, हे तत्त्व एवढ्या मोलाने मान्य झाले.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. मुंबईच्या गोदीत हजारो हातांनी होणारे काम येथे कंटेनर आणि क्रेन यांच्या बळावर थोड्या माणसांत होऊ लागले. उद्योग दाराशी आला म्हणून रोजगार घरात येतोच असे नाही.

१२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची लोकल आणि शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. लोकल मजूर व विद्यार्थी यांच्या खिशाला झेपते. सेतूवर मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला. मोटारसायकल व रिक्षा यांना मज्जाव झाला. शिवाय पुलावरची वाट दोन्ही दिशांनी चालते. मुंबईचा व्यापारी इकडे येऊ शकतो, तसाच मुंबईत बसूनही इकडची बाजारपेठ ताब्यात घेऊ शकतो. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणेही सुरू झाली. जमिनीवरचा दाब आणखी वाढणार आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रत्येक नव्या प्रकल्पाला तीन प्रश्न विचारावेत: वाढलेल्या किमतीत भूमिपुत्राचा वाटा किती, कायम नोकऱ्या व त्यांचे प्रशिक्षण कोणाला, आणि खाडीवर जगणाऱ्या मच्छीमाराची भरपाई कोण करणार? उत्तरे कागदावर येण्यापूर्वी जमिनीचा ताबा देऊ नये, हाच १९८४ चा धडा आहे.