भिंतीवरचे तक्ते

शाळेच्या भिंतीवरून उतरलेला विज्ञानाचा तक्ता आज दिवाणखान्यात मानाची जागा घेऊ लागला आहे. त्याची निवड होते ती शोभेसाठी. पण ही शोभा मुळात गरजेतून जन्मलेली आहे. लाइपझिगचे प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी १८७७ पासून असे तक्ते प्रसिद्ध केले. पुढे युंग, कोख आणि क्वेंटेल या जर्मन तिघांनी काळ्या पार्श्वभूमीवर फुले व प्राणी रेखाटले. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही पाकळी आणि पुंकेसर वेगळे दिसावेत, हाच त्या काळ्या रंगाचा हेतू.

वर्गात मात्र तक्त्याच्या जोडीला शिक्षकांची छडी आणि मुलांचे प्रश्न असत. घरात ते नसतील, तर तक्ता मुका होतो. आणि तक्त्यातील वस्तू घराबाहेर भेटेनाशी झाली, तर तो अधिकच मुका होतो.

बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीचे उदाहरण घ्यावे. तेथील पपनसाला, म्हणजे कन्नड भाषेतील चकोत्याला, भौगोलिक मानांकन लाभले आहे. २००८ मध्ये तेथे विमानतळ सुरू झाला; जमिनींना भाव आले आणि पपनसाच्या बागा आक्रसत गेल्या. तेथील एखाद्या नव्या घराने वनस्पतिशास्त्राचा जुना तक्ता भिंतीवर अवश्य लावावा. परंतु फळाचा तो आडवा छेद पाहून घरातल्या मुलाने, "हे झाड कुठे आहे?" असे विचारले, तर त्याचे बोट धरून परसात नेता यावे. तेवढ्यासाठी तक्त्याबरोबर पपनसाचे एक रोपही घरी आणावे.