गावाची राई, गावाची राखण



आज आपण झाडांविषयी बोलू. बांधावरचं झाड ज्याचं त्याचं असतं. आपण बोलू ते साऱ्या गावाच्या झाडांविषयी.

तुमच्यापैकी काहींनी देवराई पाहिली असेल. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत अजून कितीतरी देवराया आहेत. भोवतालचे डोंगर उघडे पडले, तरी राई दाट राहिली. तिथली काटकीसुद्धा कोणी नेत नसे. कित्येक राईंत पाण्याचा झरा असतो. तो कशामुळं? झाडांची मुळं माती धरून ठेवतात. पालापाचोळा पावसाचं पाणी थोपवतो. ते पाणी हळूहळू जमिनीत मुरतं आणि पुढं झऱ्याला येतं.

देवराई देवाच्या धाकानं टिकली. पण गायरानाला धाक कोणाचा? जो तो म्हणतो, मी एकट्यानं फांदी तोडली तर काय बिघडलं? असं म्हणता म्हणता माळ उजाड होतो. मग राखायचं कसं?

एका गावाची गोष्ट सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गोंड लोकांचं लहानसं गाव आहे. तिथं ग्रामसभा बसते, ती सर्वांची. निर्णय होतो, तो सर्वांच्या संमतीनं. एकाला जरी पटलं नाही, तरी पुन्हा बोलायचं, पुन्हा समजून घ्यायचं. याला वेळ लागतो. पण हात वर करून हरवलेला माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन जाऊ शकतो. ज्यानं स्वतः होकार दिला, तो दुसऱ्यालाही अडवतो.

या गावानं अभ्यासगट काढला. लोक एकत्र बसून कायदा समजून घेऊ लागले. २००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. राखणारा गाव आणि लाभ घेणाराही गाव!

आता आपल्या गावाचं पाहू. माळ गायरान आहे की वनखात्याचा, हे तलाठ्याकडं सातबारा पाहून समजून घ्या. मग ग्रामसभेत ठराव करा.

सारा माळ एकदम बंद करू नका. ज्याच्या घरी चार शेळ्या आहेत आणि शेत नाही, त्यानं काय करावं? जी बाई रोज सरपणाची मोळी आणते, तिनं चूल कशी पेटवावी? त्यांना आधी विचारा. त्यांचं पोट मारून केलेली राई टिकत नाही. निम्मा भाग बंद ठेवा, निम्मा चरायला मोकळा ठेवा. बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायला मुभा द्या. वाळलेली लाकडं वाटून घ्या. झाड मोठं झालं, की दुसरा भाग बंद करा.

खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवा. ते उन्हात तापू द्या. चांगला पाऊस झाला, की माती आणि शेणखत भरून रोप लावा. कडुनिंब, चिंच, जांभूळ, करंज ही आपल्या मातीतली झाडं निवडा. भोवती काट्यांचं कुंपण करा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावंच लागतं. रोपाजवळ मडकं पुरा. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात बसवा. थेंब थेंब पाणी मुळाशी जाईल. बुंध्याशी पालापाचोळा पसरा, म्हणजे ओल टिकेल.

रोप लावायला एक दिवस पुरतो. त्या दिवशी सारा गाव जमतो. चैत्र-वैशाखात मात्र घागर घेऊन कोण जाणार? त्याची पाळी त्याच दिवशी लावा. घरटी एक दिवस. सरपंचाचं घर असो की मजुराचं, पाळी सर्वांना सारखी. दंडही सर्वांना सारखा.

आणि एक वही ठेवा. किती रोपं लावली, किती जगली, आज कोणाची पाळी, गवताचे किती पैसे आले, सारं तिच्यात लिहा. ती वही चावडीवर टांगा. आता तुम्हांला वाचता येतं. कोणी सांगेल त्यावर विसंबू नका. हिशेब स्वतः वाचा, चुकला असेल तर ग्रामसभेत उठून विचारा.

ज्या गावात असा हिशेब वाचणारे पुष्कळ, त्या गावाची राई कोणाला लुटता येणार नाही.