ओहोटीची नोंद कोण ठेवणार?

(युवक-युवतींच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. समुद्रजीवशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. तरी या विषयावर बोलतोय, कारण किनाऱ्यावरची जीवसृष्टी वाचवायची तर आधी तिची नोंद हवी, आणि नोंद ठेवायला पदवी लागत नाही.

हाजीअलीला आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते, ओहोटीला आजूबाजूचे खडक उघडे पडतात. या भागातल्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. म्हणून किनारी रस्त्याच्या कामात २०२० साली वरळी आणि हाजीअलीचे प्रवाळ परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले. ते तिथं आहेत हे कागदावर आलं, म्हणून एवढं तरी झालं. ज्या जिवाची नोंदच नाही, त्याच्यासाठी परवानगी कोण मागणार?

मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम चालू आहे. ओहोटीला किनाऱ्यावर फिरायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर टाकायचा. तिथं इतर लोक जीव ओळखायला मदत करतात. ओळखीवर दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं, की ती नोंद संशोधनाला वापरण्याजोगी ठरते. मात्र तारीख आणि ठिकाण हवंच. त्यांच्याशिवाय फोटो म्हणजे नुसतं स्टेटस. त्यांच्यासह तोच फोटो पुरावा होतो.

जायचं कधी? घरातलं हिजरी कॅलेंडर बघा. चांद्र महिन्याच्या सुरुवातीला आणि चौदा-पंधरा तारखेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. तेव्हा भरती जशी मोठी, तशी ओहोटीही खोल. मुंबईत अशा दिवसांत पाणी साधारण पहाटे आणि संध्याकाळी उतरतं. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते.

आता घरातल्या ज्ञानाबद्दल. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दालदी समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीत गेल्या. कोणता मासा कोणत्या वाऱ्याला येतो, कुठला आता दिसेनासा झालाय, हे त्या बुजुर्गांना तोंडपाठ आहे. पण ते लिहिलेलं नाही. मुलं नोकरीसाठी मुंबईला, आखाताला गेली, की ही माहिती त्या माणसाबरोबरच संपते. आजोबांशेजारी बसून माशांची बोलीतली नावं लिहून घेणं, हेही संशोधनच आहे.

मुलींना घरून विचारतील, "खडकांवर तुझं काय काम?" त्यांना सांगा, कोकणात कालवं फोडायला, तिसऱ्या काढायला बायकाच जात आल्या आहेत. किनारा कधीच फक्त पुरुषांचा नव्हता.

या कामाचा मच्छीमारालाही उपयोग आहे. जाळ्यात कासवासारखा संरक्षित जीव अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर २०१८ च्या योजनेप्रमाणे महाराष्ट्र सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओचा पुरावा लागतो. फोन तुमच्या हातात आहे. चाचांना व्हिडिओ कसा काढायचा, अर्ज कसा भरायचा, हे तुम्हीच शिकवा.

थोडी शिस्त पाळा. एकटं जाऊ नका. जीव उचलू नका. दगड उलटलात तर हळूच पुन्हा तसाच ठेवा. पाणी वळलं की माघारी फिरा. कासवाचं घरटं दिसलं तर जागा सगळीकडे फॉरवर्ड न करता वनविभागाला कळवा.

माझी विनंती एवढीच आहे. चार-पाच जणांचा गट करा, जवळचा एकच किनारा निवडा आणि वर्षभर महिन्यातून दोनदा तिथं जा. एका फेरीत फोटो मिळतात, वर्षभराच्या फेऱ्यांतून बदल दिसतो. उद्या त्या किनाऱ्यावर भराव टाकायचा प्रस्ताव आला, तर जनसुनावणीत "इथं काहीच नाही" असं कोणी म्हणताच तुम्ही तारीखवार यादी पुढं ठेवू शकाल.