लॅब नाही, तरी उंदराचा मेंदू लॅपटॉपवर!

आज सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटबद्दल बोलू. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी २००३ साली दहा कोटी डॉलर देऊन ही ना-नफा संस्था सुरू केली. पहिलं मोठं काम काय, तर उंदराच्या मेंदूत सुमारे २० हजार जीन्स कुठे-कुठे चालू असतात याचा नकाशा. २००६ मध्ये तो पूर्ण झाला, आणि सगळ्यांना फुकट!

आता मी साधा बीटेकवाला. ना पीएचडी, ना लॅब. एखादा रिसर्च पेपर उघडायला गेलो की आधी पैसे मागतात. इथे मात्र पायथॉनमध्ये ‘ॲलन एसडीके’ इन्स्टॉल केलं, आणि उंदीर चित्रं बघत असताना त्याच्या मेंदूतल्या पेशी काय करत होत्या, ते रेकॉर्डिंग थेट माझ्या लॅपटॉपवर! रात्री दोनपर्यंत आलेख काढत बसलो. कळलं किती? थोडंच. पण अडलो ते माझ्या अभ्यासामुळे, कुणी दार लावलं म्हणून नाही.

फुकट म्हणजे बिनखर्चाचं नाही हं. एका अब्जाधीशानं खिशात हात घातला म्हणून हे उभं राहिलं, आणि तेवढं मला खटकतंच.

करून बघा. फक्त फाइल्स मोठ्या आहेत, मोबाईल डेटावर डाउनलोड लावू नका.