प्लॅस्टिकच्या कचऱ्यांतून तेल

दुधाची पिशवी, बिस्किटांच्या पुड्याचें वेष्टन, औषधाची रिकामी बाटली, फुटकी बादली अशा ज्या वस्तु घरांतून नित्य बाहेर टाकल्या जातात, त्यांचा जन्म बहुतांशीं खनिज तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून झालेला असतो. तेव्हां त्यांचें पुन्हां तेल कां करूं नये, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. तसें करतां येतें, असें रसायनशास्त्र सांगतें. व्यवहाराचें उत्तर मात्र इतकें सरळ नाहीं, आणि श्रोत्यांनीं विचार करावा असा भाग तोच आहे.

पिशव्यांचें पॉलिएथिलीन व डब्यांचें पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कर्ब आणि हायड्रोजन यांच्या अणूंच्या लांबच लांब सांखळ्या होत. डिझेल व रॉकेल यांचे रेणूहि मुख्यतः याच दोन मूलद्रव्यांचे, परंतु आंखूड असतात. बंद भांड्यांत, हवेचा संपर्क होऊं न देतां, हें प्लॅस्टिक सुमारें ४०० ते ५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें म्हणजे त्या सांखळ्या तुटतात. प्राणवायु नसल्यामुळें पदार्थ जळत नाहीं; त्याची वाफ होते. ती वाफ निवविली कीं तेल मिळतें. जो भाग निवूनहि द्रव होत नाहीं, तो वायुरूपानें भट्टी तापविण्याच्या कामीं येतो, आणि तळाशीं काजळीसारखा अवशेष राहतो. दगडी कोळशापासून कोक व डांबर काढण्याची जुनी रीति याच जातीची आहे.

परंतु घरगुती कचरा एकजिनसी नसतो. पीव्हीसी या प्लॅस्टिकांत वजनानें निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. तें सुमारें ३०० अंशांवर तापलें कीं आम्लधर्मी वायु सुटतो. तो यंत्राचें लोखंड खातो व तेलहि नासवितो. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या करतात, त्या पेट प्लॅस्टिकच्या रेणूंतच प्राणवायु असतो. त्यापासून तेल फार थोडें मिळतें आणि नळ्या तुंबविणारे घन पदार्थ मात्र निघतात. प्लॅस्टिकला ओलें खरकटें लागलेलें असेल, तर बरीचशी उष्णता तें वाळविण्यांतच खर्ची पडते.

जपाननें याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला. तेथें वेष्टनांच्या पुनरुपयोगाचा कायदा १९९५ सालीं झाला व २००० सालापासून तो सर्व प्रकारच्या प्लॅस्टिक वेष्टनांस लागू झाला. त्याच वर्षीं उत्तरेकडील साप्पोरो शहरीं घरगुती मिश्र प्लॅस्टिकपासून तेल काढणारा कारखाना सुरू झाला. नागरिक वेष्टनें निराळीं करून देत. पेयांच्या बाटल्या त्यांतूनहि वेगळ्या ठेवीत. कारखान्यांत प्रथम क्लोरीन काढून टाकीत, मग प्लॅस्टिक भट्टींत जाई. आणि निघालेल्या जड तेलावर वीजहि निर्माण करीत. इतकें असूनहि सुमारें दहा वर्षांनीं हें काम थांबलें. तेल निघत होतें, पण खर्चाचा मेळ बसेना. पोलादाच्या कारखान्यांतील कोकभट्ट्या तसलेंच प्लॅस्टिक कमी खर्चांत स्वीकारीत असत.

या उदाहरणावरून ही विद्या निरुपयोगी ठरत नाहीं. तिची योग्य जागा मात्र कळते. स्वच्छ पिशव्या व बाटल्या वितळवून त्यांच्या पुन्हां वस्तु करतां येतात. त्यांचें तेल करून जाळणें हा अपव्यय होय. शिवाय तें तेल जळतांच त्यांतील कर्ब इतर खनिज तेलाप्रमाणेंच हवेंत जातो. म्हणून ज्या प्लॅस्टिकचा दुसरा उपयोगच उरला नाहीं, त्याच्यासाठींच ही भट्टी असावी.

आणि त्या भट्टीचा खर्च कांहीं अंशीं तरी गृहिणीच्या ओट्यापाशींच ठरतो. ओला व सुका कचरा घरींच वेगळा करावा, असें भारत सरकारच्या २०१६ सालच्या नियमांनीं बजावलें होतें. दुधाची पिशवी रिकामी झाल्यावर विसळून वाळविण्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. तीच पिशवी खरकट्यांत मिसळली, तर पुढें ती निवडण्यास, धुण्यास व सुकविण्यास मजूर, पाणी आणि इंधन हीं तिन्हीं लागतात. आणि त्यांचें मोल शेवटीं नागरिकांनाच भरावें लागतें.