नकाशाची किंमत, घराची किंमत



घर बांधायला निघालेला माणूस आर्किटेक्टला पहिला प्रश्न विचारतो, ‘चौरस फुटाला किती घेणार?’ प्रश्न गैर नाही, अपुरा आहे. समजा, घर 1,500 चौरस फुटांचे आणि बांधकामाचा दर 2,000 रुपये. म्हणजे खर्च 30 लाख. एक जण 30 हजारांत मंजुरीचा नकाशा काढून देतो, दुसरा पूर्ण कामाचे दीड लाख मागतो. फरक 1 लाख 20 हजारांचा. आता त्या स्वस्त नकाशात खोल्या जोडायला चार फूट रुंद आणि पंधरा फूट लांब असा एक बोळ निघाला, जो थोड्या विचाराने टळला असता. साठ चौरस फूट. त्याच दराने 1 लाख 20 हजार. वाचवलेली सगळी रक्कम त्या बोळात गेली, आणि तिथे भर दुपारी दिवा लावायचा तो वेगळाच. म्हणून फीची तुलना दुसऱ्याच्या फीशी नव्हे, त्या फीतून होणाऱ्या निर्णयांशी करावी, असे माझे म्हणणे आहे.

महागड्या नकाशातही असा बोळ असू शकतो, हे खरे. म्हणून आकड्याआधी कामाची यादी पाहावी. मंजुरीचा नकाशा पालिकेसाठी असतो; गवंड्याला लागते ते वर्किंग ड्रॉइंग. छज्जा किती पुढे, संडासाचा पाइप बीमच्या कोणत्या बाजूने, हे कागदावर नसेल तर मिस्त्री जागेवर ठरवतो आणि चूक स्लॅब पडल्यावर कळली तर तोडफोड मालकाच्या खर्चाने होते. आर.सी.सी. डिझाइन फीत धरले आहे का, साइटवर किती फेऱ्या, ठेकेदाराच्या बिलाची मोजमापे कोण तपासणार, हे लेखी हवे. डिझाइनच्या एका निर्णयाने किती वाचते, ते पाहा: केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत रूढ केली. तिला नेहमीच्या नऊ इंची भिंतीपेक्षा सुमारे 25 टक्के विटा कमी लागतात. एवढी बचत वीटभट्टीवर घासाघीस करून होत नाही.

कोणी म्हणेल, फी खर्चाच्या टक्केवारीवर असेल तर आर्किटेक्ट खर्च कमी का करील? आक्षेप रास्त आहे. उपाय साधा: अंदाजपत्रक मान्य झाले की फी ठोक रकमेत बांधावी आणि कामाच्या टप्प्यांनी द्यावी. दुसरा आक्षेप, अनुभवी ठेकेदार असताना आर्किटेक्ट कशाला? ठेकेदाराचे कसब नाकारण्याचे कारण नाही. पण माल मोजणारा आणि बिल लावणारा एकच असला, तर गिऱ्हाइकाची बाजू रिकामी राहते. कायद्यावरही सगळा भार टाकता येत नाही. 1972चा वास्तुविशारद कायदा ‘आर्किटेक्ट’ हे नाव नोंदणीकृतांसाठी राखतो, नकाशे करण्याचे काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा नोंदणी पाहावीच. पण पारख आपणच करायची आहे.

ती करण्यासाठी त्या आर्किटेक्टने बांधलेले एखादे घर पाहायला जा. दर्शनी भाग पाहून परत फिरू नका. घरमालकाला विचारा, अंदाजपत्रक आणि शेवटचे बिल यांत किती अंतर पडले? मग फीचा आकडा ऐका.