पडद्यावरचा गोल्फ : टोल्याची लय आणि पटिंगचा संयम



गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात गोल्फचे मैदान आहे. आमच्या नामपल्लीपासून ते आठ-दहा किलोमीटरांवर असेल; परंतु येथील सामान्य कुटुंबातील मुलाला एवढे अंतर ओलांडणे सोपे नाही. त्या खेळाचे साहित्य, सभासदत्व आणि त्यासाठी लागणारी सवड या तिन्ही गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात. तोच मुलगा आज घरच्या टीव्हीवर अथवा वडिलांच्या मोबाइलवर मोठ्या हौसेने गोल्फ खेळतो. पण बहुधा तो टोला जोराने मारतो, होलजवळ पोचल्यावर घाई करतो, हरतो, आणि मग खेळातला अधिक भारी क्लब विकत घेण्यासाठी आईकडे पैसे मागतो. जे पैशाने साधत नाही ते सरावाने कसे साधते, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

व्हिडिओ गेममधील गोल्फ हा काही कालचा प्रकार नव्हे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८४ साली ‘गोल्फ’ नावाचा गेम काढला. पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष झालेले सातोरू इवाता यांनी तो घडविला होता. त्यात तीन वेळा बटण दाबून टोला मारण्याची रीत होती. पहिल्या दाबाने पट्टीवरील खूण सरकू लागते, दुसऱ्याने जोर ठरतो आणि तिसऱ्याने दिशा. आजच्या कित्येक गेममध्ये हीच रीत आढळते. दुसरी रीत अंगठ्याखालील छोट्या दांडीची : ती मागे ओढावयाची आणि सरळ पुढे ढकलावयाची. रीत कोणतीही असो, दोहोंचा प्राण एकच, आणि तो म्हणजे लय.

अमेरिकेतील जॉन नोव्होसेल यांनी नामांकित खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. क्लब मागे नेण्यास त्या खेळाडूंना जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळात तो चेंडूवर येतो, असे त्यांना आढळले. चर्चमधील गायकवृंदाचा प्रमुख गीत सुरू करण्यापूर्वी मनात ताल मोजतो, तद्वत खेळाडूनेही ‘एक, दोन, तीन’ म्हणत दांडी मागे न्यावी आणि ‘चार’ला पुढे सोडावी. प्रत्येक गेमला अपेक्षित असलेली गती थोडी निराळी असते, हे खरे. परंतु ती एकदा सापडली की लांबच्या टोल्याला आणि जवळच्या टोल्याला तीच ठेवावी. लांब मारावयाचे आहे म्हणून हात घाईने हलविला की चेंडू वाट सोडतो. यास्तव पूर्ण ताकदीचा मोह टाळावा. एक पायरी लांब पल्ल्याचा क्लब घेऊन जरा कमी जोराने मारणे केव्हाही श्रेयस्कर.

आता दिशेचा विचार करू. अंगठा आपल्या मुळाच्या सांध्याभोवती फिरतो, म्हणून त्याची स्वाभाविक चाल कमानीसारखी असते. खेळाडूला वाटते की आपण दांडी सरळ ढकलली; प्रत्यक्षात ती बाजूला कललेली असते. ज्याचा चेंडू नेहमी एकाच अंगाला जातो, त्याने दोष वाऱ्याला न देता आपल्या अंगठ्याकडे पाहावे. हातातले यंत्र किंचित तिरपे धरून अंगठ्याची चाल सरळ रेषेत आणली, की निम्मा दोष तेथेच सरतो.

आणखी एक कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आधुनिक टीव्ही चित्र अधिक सुबक करण्यात क्षणाचा काही अंश घालवितो. बटण दाबले जाते आता आणि खूण हललेली दिसते किंचित उशिरा. जेथे सेकंदाच्या विसाव्या भागावर दिशा ठरते, तेथे एवढा विलंब घातक होय. बहुतेक टीव्हींमध्ये ‘गेम मोड’ नावाची सोय असते. ती चालू करावी. त्यास काही खर्च येत नाही.

यापुढचा भाग पटिंगचा, आणि माझ्या मते तोच मुख्य. बहुतेक मोठ्या मैदानांवर १८ होलसाठी ७२ टोले अपेक्षित असतात. त्यांत प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मा खेळ ग्रीनवरचा आहे! तथापि मुले सारा सराव लांब टोल्याचा करतात, कारण तो दिसावयास दिमाखदार असतो.

पटिंगमध्ये आधी अंतर ठरवावे आणि मग दिशा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे चेंडूच्या सुमारे अडीचपट. वेगाने आलेला चेंडू त्याच्या काठावरून उडून जातो; मंद चेंडू अलगद आत उतरतो. परंतु मंद चेंडूला उतारही अधिक ओढतो, आणि ती ओढ अखेरच्या दोन-तीन फुटांत सर्वांत जास्त जाणवते. म्हणून होलजवळचा उतार प्रथम पाहावा. चढाचा हिशोबही अवघड नाही. मध्यम वेगाच्या ग्रीनवर होल चेंडूपेक्षा १ इंच उंच असेल, तर सुमारे १ फूट अंतर अधिक आहे असे समजून मारावे. उतारावर तेवढेच कमी करावे. हा अंदाज चेंडू घरंगळण्याच्या नियमांतूनच निघतो, म्हणून नीट घडविलेल्या गेममध्ये तो बहुतांशी लागू पडतो. ग्रीन अधिक वेगवान असेल तर ही वाढघटही अधिक धरावी.

सरावाची पद्धत अशी ठेवावी. एकच ग्रीन निवडावे. ५, १० आणि २० फुटांवरून प्रत्येकी दहा पट मारावेत. जवळ एक वही ठेवावी आणि प्रत्येक चुकीपुढे ‘कमी’, ‘जास्त’, ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ एवढेच लिहावे. आठवड्याभरात वहीच आपला दोष सांगू लागते. गेम स्वतः वाट दाखवीत असेल, तर ती मदत हळूहळू बंद करावी. कुबडीवर चालणाऱ्याचे पाय बळकट होत नाहीत.

दर जानेवारीत आमच्या नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश भरते. अशा जत्रांतून फुग्यावर नेम धरणारे लोक आपण नेहमी पाहतो. नेम चुकला की एक जण बंदूक बदलून मागतो. दुसरा श्वास आवरून पुन्हा त्याच बंदुकीने नेम धरतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायद्याने बंदी आणली, हे योग्यच झाले. परंतु अधीर मुलाला अधिक भारी क्लब विकणारी दुकाने गेमच्या आतच असतात, आणि त्यांवरचा पहारा घरानेच ठेवावयाचा असतो.

पालकांना माझी विनंती एवढीच की, मुलाच्या हातातील गेम सरसकट हिसकावून घेण्यापूर्वी त्याची वही एकदा पाहावी. वही नसेल तर खेळाची वेळ अवश्य आटोपती घ्यावी. आणि वहीत ‘जास्त, जास्त, कमी, बरोबर’ अशी ओळ दिसली, तर त्या मुलाला आणखी दहा पट मारू द्यावेत. आपली चूक मोजून सुधारण्याची विद्या तो शिकत आहे, आणि तीच विद्या त्याला उद्या गणिताच्या वहीतही लागणार आहे.